हॅमॉकसाठी बारा पेडी दोर: अ‍ॅमस्टील ब्लू वापरून पाहिल्यावर

सॅमसन या अमेरिकी कंपनीचा ‘अ‍ॅमस्टील ब्लू’ हा दोर, ७/६४ इंच जाडीचा, मी हॅमॉक, म्हणजे दोन झाडांत बांधून झोपायची कापडी झोळी, टांगायला वापरते. आधीच सांगते, ज्यांना झाडाला वेढा देऊन दोन गाठी मारून मोकळं व्हायचं आहे त्यांनी हा दोर घेऊ नये. पैसे जातील आणि रात्री कधीतरी गाठ सरकून पाठ शेकून निघेल. पण ज्यांची एखादी संध्याकाळ बसून दोराच्या पोटात दोर ओवायला शिकायची तयारी आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. माझं सगळं म्हणणं या एका अटीवर उभं आहे, म्हणून दोराइतकंच खाली ओवण्याबद्दल लिहिलं आहे.

मी पुण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टी लागली की सह्याद्री, नाहीतर कोकण किनारा. पाठपिशवी मी स्वतः उचलते, त्यामुळे प्रत्येक वस्तू आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढते. माझा पहिला हॅमॉक घेतला तेव्हा त्याच्यासोबत जाड नायलॉनचे दोर आणि लोखंडी हूक आले होते. हॅमॉकचं कापड हलकं आणि हा लटकावण्याचा सरंजाम ४८० ग्रॅम. झोपायच्या कापडापेक्षा टांगायच्या दोराचं ओझं जास्त, हे मला पटेना. शिवाय नायलॉन भिजलं की ताणतं. संध्याकाळी बेताच्या उंचीवर बांधलेली झोळी पहाटे जमिनीला टेकलेली असायची. पावसाळ्यात तर हमखास.

आता माझ्याकडे त्याच कामासाठी अ‍ॅमस्टीलच्या दोन व्हूपी स्लिंग, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारे दोराचे फास, आहेत. दोन्ही मिळून २७ ग्रॅम. झाडाभोवतीच्या पट्ट्या आणि दोन लाकडी खुंट्या धरूनही सगळं शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये बसतं आणि मुठीत मावतं.

दोराबद्दल. हा डायनीमा नावाच्या धाग्याचा आहे. मूळ पदार्थ पॉलिएथिलीन, दुधाची पिशवी ज्याची असते त्याच कुळातला, फक्त याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास हे पॉलिएथिलीन द्रावकात विरघळवून जेलच्या अवस्थेतून धागा ओढायची पद्धत शोधली. ओढताना सगळ्या साखळ्या धाग्याच्या दिशेने सरळ होतात आणि सगळी ताकद लांबीच्या दिशेला येते. १९९० मध्ये हेर्लेनला त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. धागा पाण्यापेक्षा हलका आहे. बादलीत टाकला तर तरंगतो आणि पाणी पीत नाही. माझ्यासारख्या मुसळधार पावसात भटकणाऱ्या बाईला हा गुण ताकदीपेक्षाही मोलाचा वाटतो.

ताकदही कमी नाही. ७/६४ इंच म्हणजे पावणेतीन मिलीमीटरच्या आसपास, बुटाच्या जाडसर नाडीएवढा. कंपनी त्याची सरासरी ताकद १,६०० पौंड देते, म्हणजे सव्वासातशे किलो. मीटरभर दोराचं वजन साडेचार ग्रॅम. आणि तो ताणत जवळजवळ नाहीच. तुटण्याच्या भाराच्या दहा टक्के भार दिला तर लांबी अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाढते. नायलॉनवरून याच्यावर आलं की पहिल्या रात्री हा फरक पाठीला कळतो. बसल्यावर जिथे असता, सकाळी तिथेच असता.

मग गाठ का नको? कारण हा धागा कमालीचा निसटता आहे. साखळ्या गुळगुळीत, एकमेकींना धरून ठेवणारं त्यांच्यात फारसं काही नाही. सुती दोरीत जी निरगाठ दातांनीही सुटत नाही, ती इथे भार आल्यावर हळूहळू सरकायला लागते. आणि सरकली नाही तरी नुकसान होतंच. गाठीत दोराला तीव्र बाक येतो, बाहेरच्या बाजूच्या धाग्यांवर सगळा ताण जातो, आतले धागे नुसते बसून राहतात. न ताणणाऱ्या धाग्यात हा अन्याय भरून निघत नाही. गाठ मारलेला डायनीमा आपली निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद तिथेच गमावतो. ओवलेल्या सांध्यात मात्र बहुतेक ताकद टिकते.

अ‍ॅमस्टील ब्लूची वीण बारा पेडांची आणि पोकळ आहे. सहा पेड डावीकडून, सहा उजवीकडून, मध्ये गाभा नाही. दोन्ही हातांनी दोर एकमेकांकडे ढकलला की वीण फुगते आणि नळीसारखी उघडते. त्या नळीत त्याच दोराचं टोक घालायचं, लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवतात तसंच. आता दोर ओढा. बाहेरची वीण लांब होते, तिचा व्यास आवळतो आणि आतला दोर पकडला जातो. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. अकरावीच्या वर्गात घर्षण शिकवताना मी हा तुकडा मुलांच्या हातात देते. ओढणारं बलच दाब निर्माण करतं आणि तो दाबच घर्षण देतो, हे फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा त्यांना ओढू द्यावं. एवढा निसटता दोरसुद्धा वीस सेंटिमीटरच्या लांबीत मिळून इतकं घर्षण जमवतो की चार-पाच दांडग्या मुलांनाही तो सोडवता येत नाही.

व्हूपी स्लिंग ही युक्ती हॅमॉकवाल्यांची नाही. झाडांवर चढून फांद्या छाटणारे लोक जड ओंडके उतरवताना जाड दोराची व्हूपी वापरतात, हॅमॉकवाल्यांनी ती बारीक दोरात आणली. एका टोकाला कायमचा छोटा फास, त्याला आपण डोळा म्हणू, आणि दुसऱ्या बाजूला लहान-मोठा करता येणारा लांब फास. डोळा हॅमॉकला अडकतो, लांब फास झाडाच्या पट्टीला. शेपटी ओढली की फास लहान होतो. भार आला की जिथे आहे तिथे पकडतो. ना बकल, ना कडी.

मी एका स्लिंगला तीन मीटर दोर कापते. कापणं हेच पहिलं दिव्य. साधी कात्री धाग्यावरून नुसती घसरते. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी आणि नव्या पात्याने त्या पट्टीवरच कापावं. नायलॉनसारखं टोक मेणबत्तीवर धरू नका. डायनीमा १५० अंशांच्या आतबाहेर वितळतो आणि टोकाला कडक, बोजड गोळा होतो, जो पुढे ओवता येत नाही.

ओवायला बाजारात फिड नावाच्या पोकळ सुया मिळतात. मला त्यांची गरज पडली नाही. बारीक, ताठ तार दुमडून केलेला लांबट फास पुरतो. तार दोराच्या पोटातून उलट्या दिशेने घालायची, तिच्या फासात टोक अडकवायचं आणि परत ओढून घ्यायचं. माझ्याकडे गिटारची तुटलेली तार आहे. गोण्या शिवायचं दाभणही चालतं, पण टोक बोथट करून घ्या, नाहीतर ते पेड फोडून मधूनच बाहेर येतं आणि एखादा पेड बाहेर राहिला की सांधा वाकडा बसतो.

पहिलं काम डोळा. त्यासाठी लॉक्ड ब्रमेल नावाची अडकण करतात. टोकापासून साधारण बावीस सेंटिमीटरवर एक खूण करा, तिथून बारा सेंटिमीटर पुढे दुसरी. आता आखूड टोक दुसऱ्या खुणेच्या जागी मुख्य दोराच्या आरपार घाला, पहिली खूण तिथे येईपर्यंत ओढा. मग पहिल्या खुणेच्या जागी आखूड शेपटीची वीण उघडा आणि मुख्य दोराचं लांब टोक पूर्णच्या पूर्ण तिच्यातून ओढून घ्या. दोन्ही बाजू एकमेकींतून गेल्या की मध्ये एक सुबक फुली दिसते. ती दिसली म्हणजे बरोबर झालं. लांब टोक मोकळं असतानाच हे करता येतं, म्हणून डोळा सगळ्यात आधी. पुढचा भाग ओवून झाल्यावर डोळा करायला बसलात तर दोर उलटा-सुलटा करण्याची जास्त अवघड पद्धत वापरावी लागते.

ही फुली भार पेलत नाही. अनेकांचा समज असा की अडकण झाली, आता शेपटी जराशी आत खुपसली तरी चालेल. भार पेलते ती आत ओवलेली शेपटी. फुलीचं काम एवढंच की दोर सैल असताना, पिशवीत कोंबलेला असताना, शेपटी बाहेर सरकू नये. शेपटी किती आत हवी याचा शिडाच्या होड्यांवर चालणारा प्रचलित हिशोब आहे, दोराच्या व्यासाच्या ७२ पट. आपल्या दोराला तो वीस सेंटिमीटर येतो. हॅमॉकला याहून कमीत भागवणारे लोक आहेत, मी भागवत नाही. दीड ग्रॅम वाचवायला झोपेतला भरवसा कोण देईल?

शेपटी आत घालण्याआधी तिचं टोक निमुळतं करायचं. शेवटच्या सहा-सात सेंटिमीटरमध्ये पेड एकेक बाहेर काढून कापायचे, एक डाव्या विणीतला, एक उजव्या. असं टोकापर्यंत निम्मे पेड कमी होऊ द्यावेत. हे का, ते हाताने चाचपून पाहा. शेपटी जिथे एकदम संपते तिथे बाहेरची वीण जाडावरून बारीकवर अचानक उतरते, पायरी होते आणि ताण त्या पायरीवर गोळा होतो. निमुळती केली की उतार होतो. मग शेपटी आत ओढायची, डोळ्याकडून बाहेरच्या दिशेने दोन बोटांत धरून वीण निपटत न्यायची आणि शेपटीचं टोक दोराच्या पोटात दिसेनासं होऊ द्यायचं. हा क्षण मला अजूनही आवडतो. बाहेरून फक्त एवढंच दिसतं की दोर तिथे थोडा जाड आहे.

आता बदलता फास. डोळ्याची शेपटी जिथे आत संपली त्याच्या पुढे तीन सेंटिमीटर सोडा, तिथून पंधरा सेंटिमीटरची लांबी मोजा. लांब टोक वळवून आणायचं, या पंधरा सेंटिमीटरच्या लांबच्या तोंडातून आत घालायचं आणि डोळ्याच्या जवळच्या तोंडातून बाहेर काढायचं. दिशा महत्त्वाची आहे, शेपटी हॅमॉककडे बाहेर आली पाहिजे, म्हणजे झोळीजवळ उभं राहून ओढता येते. हा भाग शिवायचा नाही, निमुळता करायचा नाही, कारण इथे आतल्या दोराला सरकायचं आहे. सैल करायचं असेल तेव्हा पंधरा सेंटिमीटरची वीण दोन्हीकडून आत ढकलून फुगवायची आणि फास ओढायचा. शेवटी बाहेर आलेल्या शेपटीच्या टोकाला लाकडी मणी ओवून गाठ मारा. गाठ नको म्हणणारी मी इथे गाठ सांगते, कारण तिच्यावर भार नाही. ती फक्त शेपटी पूर्ण आत खेचली जाऊ नये म्हणून आहे. हा मणी विसरणं म्हणजे एक दिवस अख्खी झोळी खाली.

या मापांनी माझी स्लिंग आखूड केली की पंचेचाळीस सेंटिमीटरच्या वर राहते आणि लांब केली की सव्वा मीटरच्या पुढे जाते. माझा हॅमॉक ११ फुटांचा, त्याची माथ्यावरची दोरी, म्हणजे त्याच्या दोन टोकांना वरून जोडणारी दोरी, हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे पावणेतीन मीटर. सगळं धरून दोन झाडांत कमीत कमी पावणेचार मीटर अंतर लागतं. व्हूपीचा हा खरा तोटा आहे आणि तो दोर बदलून जात नाही. नुसत्या पट्ट्या आणि बकल वापरणारा माणूस याहून जवळच्या झाडांमध्ये टांगू शकतो.

मागच्या हिवाळ्यात हर्णै बंदरावर वाळूत बसून मी एक स्लिंग पुरी करत होते. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला वेळ होता. शेजारी एक वयस्क तांडेल होडीच्या जाड दोराला डोळा घालत होते. त्यांचा दोर तीन पेडांचा, पिळाचा. पीळ उलगडून एकेक पेड मूळ दोराच्या पेडांखालून, पिळाच्या उलट दिशेने खुपसत जायचं. काथ्याच्या दोराला असे तीन फेरे पुरतात, प्लास्टिकच्या गुळगुळीत दोराला पाच तरी द्यावे लागतात. त्यांनी माझ्या हातातला दोर घेतला, बोटांत फिरवला.

“ताई, ह्याला पीळच नाय. मग पेड उघडायचे कसे?”

“मामा, उघडायचे नाहीत. हे बघा, असा ढकलला की पोकळ होतो. त्याचंच टोक त्याच्या पोटात.”

त्यांनी स्वतः एकदा वीण फुगवली, तार घातली, टोक ओढून घेतलं. मग पायाच्या अंगठ्याला फास अडकवून दोन्ही हातांनी खेचलं.

“धरतोय की. पण आमच्या कामाला नको. लय बारीक. ओला हात कापून जाईल.”

ते अगदी खरं आहे. बारीक आणि ताकदवान दोर हाताला वेढून ओढू नये. चिमटीत शेपटी धरून ओढावी, तीही अंगावर भार यायच्या आधी. त्यांच्या हाताची सफाई पाहून मला वाटलं, आपल्या किनाऱ्यावर दोर सांधण्याचं इतकं जुनं शहाणपण आहे, आपण ट्रेकवाले मात्र हूक विकत घेत सुटलोय. दोराचं काम शिकायचं असेल तर बंदरावर जाऊन बसा. कोणी हाकलणार नाही.

बारीक दोर हाताला वेढू नये, हाच न्याय झाडालाही लावला पाहिजे. अ‍ॅमस्टील थेट खोडाला कधीही वेढू नका. बारीक दोर भार आला की सालीत रुततो. झाडाचं अन्न वाहून नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो, तोच कापला जातो. झाडाभोवती किमान एक इंच रुंद पट्टी हवी आणि ती पॉलिएस्टरची. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, बॅगांच्या पट्ट्या मीटरवर मिळतात, पण त्यांतल्या पुष्कळशा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, दुकानदार सगळ्यांनाच नायलॉन म्हणतो. ओळखायची सोपी परीक्षा: तुकडा पाण्यात दाबून हवा काढा आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतं. बुडणाऱ्यांत जी पट्टी भिजल्यावर कमी ताणते ती घ्या. गाडीचे सीट बेल्ट ज्या पॉलिएस्टरचे असतात तशी वीण मिळाली तर उत्तम.

पट्टी खोडाभोवती फिरवून तिच्याच टोकाच्या फासातून काढायची, मग लोंबत्या भागाला मार्लिनस्पाइक हिच नावाचा वेढा देऊन त्यात लाकडी खुंटी अडकवायची. खुंटी काढली की गाठ आपोआप उलगडते. व्हूपीचा फास खुंटीवरून घालून तिच्या मागे, पट्टीच्या गाठीवर बसवायचा. खुंटीवर भार ठेवला तर ती वाकते, मोडते. गाठीवर बसवला तर खुंटीचं काम फक्त गाठ उघडू न देण्याचं राहतं. पाच सेकंदांचं काम आहे, पण दर वेळी डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

कोनाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण चांगला दोर वाईट कोनात बांधलेला मी फार ठिकाणी पाहिला आहे. लोकांना झोळी ताठ हवी असते. माणसाचं वजन ७० किलो धरा. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूवर ७० किलोचाच ताण येतो. १५ अंशांवर तो १३५ किलो होतो, १० अंशांवर २०० च्या वर आणि ५ अंशांवर ४०० किलो. माणूस तोच, दोर तोच. त्यात धपकन बसलात तर क्षणभर याच्याही वर. ३० अंश मोजायला उपकरण नको. तर्जनी आडवी, अंगठा उभा, काटकोन करा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा जवळपास तेवढाच कोन देते, दोर तिच्याशी जुळवून पाहा. सैल बांधलेल्या झोळीत तिरकं झोपलं की पाठ सपाट राहते, ताठ बांधलेल्या झोळीत खांदे आवळतात.

दिवेआगरच्या सुरूच्या बनात हा सगळा साज मी सगळ्यात जास्त वापरला आहे. सुरूची खोडं सरळ आणि बेताच्या घेराची, आखूड पट्टीही पुरते, समुद्राचा वारा असल्यामुळे डासही कमी. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरची असंख्य झाडं पाडली, काही नुसती कलली. कललेल्या, उघड्या मुळांच्या किंवा वाळलेल्या शेंड्याच्या झाडाला झोळी बांधू नका. माडाला तर नाहीच, खोड कितीही मोहक दिसलं तरी वरून नारळ किंवा झावळी कधी पडेल याचा नेम नसतो. आंब्याला बांधताना चिकाची आणि लाल मुंग्यांची जागा बघून घ्या. खाजगी बागेत मालकाला विचारावं, राखीव जंगलात वनखात्याची परवानगी घ्यावी. झोळी जमिनीपासून खुर्चीच्या उंचीला असावी, बसल्यावर पाय टेकले पाहिजेत. नव्या स्लिंगची पहिली चाचणी याहूनही खाली, मऊ जमिनीवर, आधी हातांनी जोर देऊन आणि मग हळूहळू बसून.

पावसात एक गोष्ट लागतेच. डायनीमा पाणी पीत नसला तरी पाणी त्याच्यावरून ओघळत झोळीपर्यंत येतं. वरच्या ताडपत्रीच्या आतल्या बाजूला स्लिंगवर सुतळीचा बोटभर तुकडा बांधून लोंबता सोडावा. पाणी तिथूनच थेंब थेंब खाली गळतं.

आता दोष. वीण सैल असल्यामुळे झुडपात, काटेरी करवंदीच्या जाळीत पेड अडकून बाहेर येतो. आला तर दोर दोन्हीकडे ताणून तो आत जिरवता येतो, पण वेळीच लक्ष हवं. पृष्ठभागावर बारीक लव येते, ती काळजीची नाही. कडक, चकचकीत झालेला डाग मात्र काळजीचा आहे, तिथे घर्षणाने किंवा उष्णतेने धागा वितळलेला असतो. तो दोर कापून टाका. चुलीच्या, स्टोव्हच्या जवळ स्लिंग नको. दोरावरून दोर जोरात घासून ओढू नये. आणखी एक, हा धागा सततच्या भाराखाली फार सावकाश लांबतो. रात्रीच्या झोपेला त्याने काही बिघडत नाही, पण गच्चीवर झोळी महिनोन् महिने भार ठेवून टांगायची असेल तर हा दोर वापरू नका, पॉलिएस्टर घ्या. मी शेपटी जिथे आत संपते तिथे रंगीत धाग्याचा एक टाका घालून ठेवते. टाका जागचा हलला का, एवढं दर मोसमात बघितलं की झालं.

भारतात डायनीमा नावाने मिळणाऱ्या स्वस्त दोऱ्यांबद्दल सावध राहा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या दोरीवर वेष्टन होतं आणि आत गाभा, म्हणजे ओवायला पोकळीच नाही. दुसरीची वीण इतकी घट्ट की तारसुद्धा शिरेना. घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: बारा पेडी आहे का, पोकळ आहे का, वर वेगळं वेष्टन नाही ना. उत्तर नीट आलं नाही तर घेऊ नका. जिथे माणूस लटकणार तिथे नाव-गाव नसलेला दोर मला चालत नाही. सॅमसन हे काम १८७८ पासून करते आहे, तिच्या दोराची ताकद, वजन आणि ताण छापील मिळतात, मी जास्त पैसे याचसाठी मोजले. माझ्या भावाने अमेरिकेतून येताना ५० फुटांची गुंडाळी आणली, ती २५ डॉलरच्या आत पडली. त्याच कंपनीची लॅश-इट नावाची याहून बारीक दोरी मिळते, ती माथ्याच्या दोरीला किंवा ताडपत्रीला छान आहे, अंगाचा भार मी तिच्यावर टाकत नाही.

५० फूट म्हणजे पंधरा मीटर. त्यातले सहा मीटर दोन स्लिंगांना, साडेतीन मीटर माथ्याच्या दोरीला, दीड मीटर हॅमॉकच्या दोन टोकांना घालायच्या बंद कड्यांना. उरलेल्या चार मीटरवर आधी हात बसवा. लॉक्ड ब्रमेलची फुली न बघता जमायला लागली की मगच मोजून तीन मीटर कापा.